प्याल्याची भीती, हवेचा विसर

एकाच प्याल्याला शंभर जणांचे ओठ लागतात, मग आजार पसरत नसतील का? कॅथलिक उपासनेबद्दल बाहेरचा माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. करोनानंतर तर वसई-वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांतही तो विचारला जाऊ लागला. प्रश्न रास्तच आहे. उत्तर मात्र प्याल्यापाशी सुरू होतं आणि भलतीकडेच जातं. जिथे सगळे बोट दाखवतात तिथे धोका थोडा आणि जिकडे कुणाचं लक्ष नसतं तिकडे जास्त, असा हा मामला आहे.

ज्यांनी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दाराशी पवित्र पाण्याचं कुंड असतं. येणारा त्यात बोटं बुडवतो आणि कपाळ, छाती, खांदे यांना स्पर्श करून क्रुसाची खूण करतो. मग तासभर वाचनं, प्रवचन, प्रार्थना आणि भरपूर गाणी. मध्ये शेजारच्या माणसाला हस्तांदोलन करून किंवा हात जोडून शांती द्यायची असते. शेवटाकडे भाविक रांगेने वेदीपुढे जातात आणि फादरांच्या हातून ओस्ती घेतात. ओस्ती म्हणजे गव्हाच्या पिठाची, बिनखमिराची, पातळ गोल चकती. कॅथलिक श्रद्धेनुसार ती तेव्हा भाकर उरलेली नसते, ख्रिस्ताचं शरीर झालेली असते. त्यामुळे ‘त्यापेक्षा बिस्किटाचे पुडे वाटा’ असला सल्ला इथे चालत नाही. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ९२४ आहे. भाकर फक्त गव्हाची आणि ताजी हवी, प्याल्यातला रस, म्हणजे वाइन, फक्त द्राक्षांचा आणि न बिघडलेला हवा, असं ते सांगतं. आरोग्यासाठी जे काही करायचं ते या चौकटीत राहूनच करावं लागतं. पण या चौकटीत जागा वाटते त्याहून पुष्कळ आहे.

आधी प्याल्याचं बघू. कित्येक शतकं रोमन कॅथलिक भाविकांना प्याला मिळतच नव्हता. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने तो धर्मगुरूंपुरताच ठेवला आणि पुढे बोहेमियात त्याच्यावरून लढाया झाल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली भाविकांसाठी तो पुन्हा काही प्रसंगी खुला केला. आपल्याकडच्या बहुतेक धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशांत, रविवारच्या गर्दीला आजही फक्त ओस्तीच मिळते. म्हणजे ज्या प्याल्याची एवढी चर्चा होते, तो इथल्या बहुतेकांच्या ओठांपर्यंत पोचतच नाही. इंग्लंड-अमेरिकेत मात्र तो पोचतो, आणि तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी त्याची कसून तपासणी केली आहे.

१९६७ साली इंग्लंडमध्ये हॉब्ज, नोल्डन आणि व्हाइट या तीन संशोधकांनी प्याल्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. प्याला देणारा काय करतो ते आधी नीट बघा. एकाने घोट घेतला की तो प्याल्याची कड पांढऱ्या तागाच्या फडक्याने आतून-बाहेरून पुसतो, प्याला थोडा फिरवतो आणि पुढच्याला देतो. लोकांची समजूत अशी की चांदी जंतू मारते, वाइनमधलं अल्कोहोल उरलेले मारतं आणि प्याला फिरवला की प्रत्येकाला कोरी कड मिळते. प्रयोगात या तिन्ही समजुती गळून पडल्या. प्याला कशाचा आहे, वाइन किती कडक आहे, तो फिरवला की नाही, कशानेच विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो फडक्याने. कड पुसली की जंतूंची संख्या चांगलीच घटत होती. यात नवल नाही. वाइनमध्ये अल्कोहोल असतं साधारण १२ ते १५ टक्के, आणि हातांच्या सॅनिटायझरला किमान ६० टक्के लागतं. चांदी जंतू मारते हे खरं, पण तिला वेळ लागतो. रांगेतला पुढचा माणूस तेवढा थांबत नाही.

मग प्याल्यातून प्रत्यक्ष आजार पसरले का? १९९७ साली अमेरिकेत ६८१ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. कम्युनियन (म्हणजे ओस्ती किंवा प्याला) घेणारे, चर्चला जाऊनही ते न घेणारे आणि चर्चला न जाणारे, यांच्या आजारी पडण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञांनी लिहिलं, की धोका तत्त्वतः आहे, पण इतका लहान की मोजता येत नाही. हे वाचून निर्धास्त होण्यापूर्वी एक लक्षात घ्यावं. साधी सर्दी कुणाला, कुठे, कुणाकडून लागली याचा माग कोण काढतो? ‘सापडलं नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांत अंतर असतं. तरीही इतक्या देशांत, इतक्या वर्षांत प्याल्याच्या नावावर एकही साथ ठळकपणे नोंदलेली नाही, याला वजन आहेच.

प्याला नको म्हणून काही जणांना ओस्ती रसात बुडवून घेणं सोयीचं वाटतं. पण भाविकाने स्वतः बुडवायची म्हटलं की प्रत्येकाची बोटं रसाजवळ जाणार. ओठ परवडले, पण बोटं नकोत, कारण बोटं दिवसभर कुठे कुठे फिरलेली असतात. रोमने २००४ साली याला स्पष्ट मनाई केली. कारण दिलं ते संस्काराच्या आदराचं, पण फायदा आरोग्याचाही झाला. धर्मगुरूने स्वतः बुडवून जिभेवर ठेवायला हरकत नसते.

आता हात. पहिल्या शतकांत भाविक ओस्ती हातावरच घेत. चौथ्या शतकातले जेरुसलेमचे बिशप सिरिल यांनी उजवा तळवा कसा धरावा आणि डावा हात त्याखाली आसनासारखा कसा ठेवावा हे शिकवलं होतं. नंतर हजारेक वर्षं ओस्ती थेट जिभेवर ठेवायची रीत राहिली. १९६९ साली रोमने ज्या देशांचे बिशप मागतील तिथे हातावर घ्यायला पुन्हा परवानगी दिली. जिभेवर देताना फादरांचं बोट कुणाच्या तरी ओठांना किंवा जिभेला लागतंच आणि तेच बोट पुढच्याच्या तोंडाशी जातं. करोनात बहुतेक बिशपांनी हातावरच घ्या म्हणून सांगितलं ते यासाठी. काही पारंपरिक भाविक त्यावर रुसले. मला त्यांची भावना समजते. पण जी रीत सिरिलच्या काळात पवित्र होती ती आज अपवित्र कशी होईल, याचं उत्तर त्यांच्यापाशी नाही.

हातावर दिली म्हणून काम संपत नाही. देणाऱ्याचा हात स्वच्छ नसेल तर सगळंच मुसळ केरात. २०१३ साली अमेरिकेतल्या फार्गो धर्मप्रांताच्या बिशपांना हिपॅटायटिस ए झाल्याचं निदान झालं. त्यांना तो इटलीच्या प्रवासात दूषित अन्नातून लागला होता. परतल्यावर त्यांनी अनेक ठिकाणी ओस्ती वाटली होती, म्हणून आरोग्य खात्याला भाविकांना जाहीर सूचना द्यावी लागली. हा विषाणू विष्ठेतून हाताला आणि हातातून तोंडात जातो. त्याच्यावर आणि उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा भरवशाचा नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणी हवं. मिस्सात फादर वेदीवर बोटं धुतात तो विधी प्रार्थनेचा आहे. बशीतल्या चार थेंबांनी जंतू जात नाहीत. खरे हात मिस्साआधी, वेदीमागच्या खोलीतल्या नळावर धुवायचे. दानाचे पैसे, पुस्तकाची पानं, माइक, मुलांच्या डोक्यावर ठेवलेला हात, या सगळ्यांनंतर ओस्ती वाटायला उभं राहण्याआधी पुन्हा एकदा.

पवित्र पाण्याबद्दल फार लिहायची गरज नाही, निकाल इतका स्वच्छ आहे. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑस्ट्रियातले २१ पवित्र झरे आणि १८ चर्च-चॅपेलं तपासली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झऱ्यांच्या पाण्याचे फक्त १४ टक्के नमुने विष्ठेच्या अंशापासून मुक्त निघाले. चर्चच्या कुंडांत, जितकी वर्दळ जास्त तितके जंतू जास्त. साहजिकच आहे, प्रत्येक जण त्यात बोटं बुडवणार आणि पाणी तिथेच साचून राहणार. आशीर्वाद देताना पाण्यात चिमूटभर मीठ टाकायची जुनी पद्धत आहे, पण तेवढ्या मिठाने काही होत नाही. पाणी वरचेवर बदला, कुंड घासा आणि ते पिऊ नका. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी उत्तर इटलीतल्या एका माणसाने हात पुढे केला की पाणी सोडणारं कुंड बनवलं होतं. साबणाच्या यंत्रासारखंच, फक्त साबणाऐवजी पवित्र पाणी. करोनात आपल्याकडेही अनेक चर्चांनी कुंडं कोरडी केली.

चुंबनाचं प्रकरण यापेक्षा जुनं आणि दुखरं आहे. कॅथलिक भक्तीत ओठांना मोठं स्थान. गुड फ्रायडेला क्रुसाचं चुंबन, सणाला संतांच्या अवशेषांचं चुंबन. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या जतन केलेल्या देहाच्या पायांचं चुंबन घेण्यासाठी एके काळी माणसं मैलोन्‌मैल चालत येत. आता देह काचेच्या पेटीत असतो. मध्ययुगातल्या युरोपात शांती देण्यासाठी एक लाकडी किंवा धातूची पाटी रांगेतून फिरे आणि प्रत्येक जण तिचं चुंबन घेई.

या चुंबनांची सर्वांत कडू गोष्ट स्पेनमधल्या थामोरा शहराची आहे. १९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची साथ तिथे पोचली होती आणि आरोग्य अधिकारी गर्दी टाळा म्हणत होते. तिथल्या बिशपांनी, आंतोनियो आल्वारो बायानो यांनी, उलट हुकूम काढला. प्लेगपासून रक्षण करणारे म्हणून मानले जाणारे संत रोक यांच्या नावाने सलग नऊ संध्याकाळची नोव्हेना. चर्च ओसंडून गेलं आणि भाविकांनी रांग लावून संतांच्या अवशेषांचं चुंबन घेतलं. त्या साथीत स्पेनमधल्या इतर कुठल्याही शहरापेक्षा थामोराचा मृत्युदर जास्त निघाला. बिशपांचं लोकांच्या सांत्वनासाठी केलेलं काम मात्र खरं होतं आणि साथ ओसरल्यावर त्यांना सरकारी सन्मानही मिळाला. इतिहास असा माणसाला एका ओळीत बसवू देत नाही.

चुंबनाच्याच बाबतीत भारतीय चर्चने एक गोष्ट फार आधी केली होती आणि तिची आठवण इथल्या कॅथलिकांनाही कमीच असते. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारताच्या बिशपांनी मागितलेले उपासनेतले बारा बदल मंजूर केले. त्यांत होतं, की वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला बोटांनी किंवा तळव्याने स्पर्श करून हात डोळ्यांना वा कपाळाला लावावा. शांती द्यायची ती हात जोडून नमस्कार करून दिली तरी चालेल. चपला बाहेर काढाव्यात, मांडी घालून बसावं, अशाही गोष्टी त्यात होत्या. तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला. चर्चचं हिंदूकरण चाललंय म्हणून काहींनी बोंब मारली. हेतू अर्थातच संस्कृतीचा होता, आरोग्याचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. पण २०२० मध्ये साऱ्या जगातले कॅथलिक हस्तांदोलनाला पर्याय शोधत होते, तेव्हा नमस्कार आपल्या मिस्सात पन्नास वर्षांपासून बसलेला होता. कुणाला नवं काही शिकावं लागलं नाही.

इथवर ओठ, बोटं आणि पाणी झालं. खरा धोका यांतल्या कशातच नाही. तो हवेत आहे.

जुलै २०२० मध्ये सिडनीतल्या एका चर्चमध्ये काय घडलं ते ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी बाकाबाकाचा नकाशा काढून मांडलं आहे. गायकवृंदातल्या एका व्यक्तीला करोना झालेला होता, पण तिला ते ठाऊक नव्हतं. तीन दिवसांत चार प्रार्थनासभा झाल्या, प्रत्येक साधारण तासाभराची. ही व्यक्ती गात होती. त्यांतल्या दोन सभांना आलेल्यांपैकी बारा जणांना लागण झाली. ते कुठे बसले होते? गायकापासून १ ते १५ मीटरवर. कुणाचाही गायकाशी जवळून शारीरिक संपर्क आला नव्हता. त्यांच्यातलं साम्य एवढंच की ते सगळे चर्चच्या एकाच बाजूच्या भागात बसले होते. दारं-खिडक्या बहुतांश बंद होत्या आणि पंखे चालू नव्हते. पंधरा मीटर म्हणजे मधल्या आकाराच्या चर्चची जवळपास अर्धी लांबी. ‘दोन हात अंतर ठेवा’ हा सल्ला तिथे काय कामाचा?

त्याआधी मार्चमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका हौशी गायकवृंदाची अडीच तासांची तालीम चर्चच्या सभागृहात झाली होती. तो गायकवृंद कॅथलिक नव्हता, पण विषाणूला पंथाशी देणंघेणं नसतं. ६१ जण आले, त्यांतले ५३ आजारी पडले, दोघांचा मृत्यू झाला.

बोलताना, आणि मोठ्याने गाताना तर जास्तच, श्वासातून थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब मीटर-दोन मीटरमध्ये खाली पडतात. अतिसूक्ष्म असतात ते तरंगत राहतात. सणाच्या मिस्सात धूपदाणी हलवली की वेदीजवळचा धूर बघता बघता मागच्या बाकांपर्यंत कसा सरकतो ते आठवा. हे थेंब तसेच जातात, फक्त ते दिसत नाहीत आणि त्यांना सुगंध नसतो. करोना, फ्लू, क्षय, गोवर सगळ्यांची वाट हीच. गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही त्या खोलीतली हवा दोन तासांपर्यंत लागण करू शकते.

म्हणून जुन्या चर्चांच्या बांधणीकडे मी नव्या आदराने पाहायला लागलो आहे. गोवा-वसईतली ती उंच छपरं आणि बाजूंना उघडणारे भव्य दरवाजे पंखे नसण्याच्या काळातले आहेत. आत पाचशे माणसं असली तरी वारा खेळायचा. आता उकाडा सोसवत नाही म्हणून काही ठिकाणी दारं बंद करून एसी बसवले जातात. घरगुती पद्धतीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, आतलीच गार करून पुन्हा फिरवतो. सगळ्यात काळजी मला आराधनेच्या लहान खोल्यांची वाटते. ख्रिस्तशरीरापुढे मूक बसण्यासाठी केलेल्या या खोल्या छोट्या, बंद, गार असतात आणि त्यांत वयस्क माणसं तासन्‌तास बसतात. धर्मग्रामाच्या समितीकडे थोडेच पैसे असतील तर सॅनिटायझरच्या बाटल्यांआधी तिथे एक बाहेर हवा फेकणारा पंखा बसवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीच गोष्ट कन्फेशनच्या, म्हणजे पापं कबूल करायच्या, पेटीची. एका लाकडी कप्प्यात फादर, पलीकडे भाविक, मध्ये जाळी. कुजबुजत्या बोलण्यात थेंब कमी सुटतात हे ठीक, पण नाताळ-ईस्टरच्या आधी फादर तिथे एकामागून एक माणसांचा श्वास घेत बसलेले असतात. करोनात अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका फादरांनी चर्चच्या पार्किंगमध्येच खुर्ची टाकली आणि लोक गाडीच्या काचेतून पापं सांगून जाऊ लागले. आपल्याकडे अंगणातलं झाड पुरे.

ही जाळीची पेटी रुजवणारा माणूस म्हणजे मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो. सोळाव्या शतकात त्यांनी ती आणली ती मर्यादा राखण्यासाठी, रोगासाठी नव्हे. पण रोगाच्या काळात उपासना कशी चालवावी, याचा सर्वांत मोठा जुना धडा त्यांचाच आहे.

१५७६ च्या उन्हाळ्यात मिलानमध्ये प्लेग आला. स्पॅनिश गव्हर्नर शहर सोडून गेला, बोरोमियो राहिले. सुरुवातीला त्यांनी अनवाणी, गळ्यात दोर घालून प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या. शहराच्या अधिकाऱ्यांना ते पसंत नव्हतं. मग ऑक्टोबरअखेर सगळ्यांना घरात बसवायचा निर्णय झाला आणि बोरोमियोंनी चर्चच रस्त्यावर आणलं. चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे घरात अडकलेल्यांना खिडकीतून मिस्सा दिसेल. दिवसातून सात वेळा घंटा वाजे, फादर रस्त्यात प्रार्थना सुरू करत आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या-दारांतून लोक उत्तर देत. कन्फेशन ऐकायला फादर बाकडं घेऊन दारोदार फिरत आणि उंबऱ्याबाहेर बसत. प्लेगच्या काळात युरोपात लांब दांड्याच्या चमच्याने किंवा चिमट्याने ओस्ती दिल्याच्याही नोंदी आहेत. मिलानच्या त्या साथीत साधारण १७,००० माणसं गेली.

चोपन्न वर्षांनी, १६३० साली, प्लेग मिलानला परत आला. तेव्हा आर्चबिशप होते चार्ल्स यांचेच चुलतभाऊ फेदेरिको बोरोमियो. लोकांनी आग्रह धरला की आता संतपद मिळालेल्या चार्ल्स यांच्या अवशेषांची मिरवणूक काढा. फेदेरिको आधी नाही म्हणाले, मग दबावापुढे झुकले. ११ जूनला मिरवणूक शहरभर फिरली. पुढच्या दिवसांत मृत्यू भराभर वाढले. मिलानचेच कादंबरीकार मांझोनी यांनी एकोणिसाव्या शतकात या प्रसंगावर सविस्तर लिहून तो अजरामर केला. मृतांची संख्या मिरवणुकीनेच वाढली असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमोंद यांनी थेट १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. पण फुप्फुसांचा प्लेग श्वासातूनही जातो, आणि आजाऱ्यांना घराबाहेर काढून एका रांगेत चालवण्यात शहाणपण नव्हतं. इसवी सन ५९० मध्ये रोममध्ये, पुढे पोप झालेल्या ग्रेगरी यांनी काढलेल्या मिरवणुकीत एका तासात ऐंशी माणसं चालता चालता कोसळून मेल्याची नोंद त्या काळचे दुसरे एक ग्रेगरी, तूर शहराचे बिशप आणि इतिहासकार, यांनी ठेवली आहे. हा अनुभव चर्चच्या गाठीशी हजार वर्षं होता. १६५६ च्या प्लेगमध्ये पोपच्या रोमने मात्र मिरवणुका आणि गर्दी बंद केली. तिथे सुमारे साडेचौदा हजार मेले, त्याच साथीत नेपल्समध्ये दीड लाखांच्या आसपास.

१८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला तेव्हा मांडवीत तो ओळखणारा पहिला डॉक्टर एक गोवेकर कॅथलिक होता, हडफड्याचे अकासियो गाब्रिएल व्हिएगस. धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, येणारे-जाणारे त्याच्याकडे फारसे बघत नाहीत. त्या वर्षांत वांद्रे, गिरगाव, माझगाव अशा गावठाणांत लोकांनी नवस म्हणून क्रूस उभारले, काहींवर साल कोरलेलं दिसतं. आजही मे महिन्यात संध्याकाळी त्यांच्यापुढे उघड्यावर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटली जाते. उघड्या आकाशाखालची प्रार्थना, हवेच्या दृष्टीने याहून चांगलं काय?

२०२० मध्ये रोमने काय केलं ते या पार्श्वभूमीवर पाहावं. २५ मार्चच्या आदेशाने पवित्र आठवड्यातला पाय धुण्याचा विधी वगळला आणि गुड फ्रायडेला क्रुसाचं चुंबन एकट्या विधी चालवणाऱ्या धर्मगुरूपुरतं ठेवलं. दोनच दिवसांनी पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर चौकात एकटे उभे राहिले. त्यांच्याजवळ सान मार्चेल्लोचा क्रूस होता. १५२२ च्या प्लेगमध्ये तोच क्रूस रोमच्या गल्लीबोळांतून गर्दीसह फिरवला होता. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी फादरांनी मंत्र सर्वांसाठी एकदाच म्हणावा, हात स्वच्छ करून मास्क लावावा आणि न बोलता डोक्यावर राख टाकावी, असं ठरलं. महाराष्ट्रात सगळ्याच प्रार्थनास्थळांची दारं मार्च २०२० मध्ये बंद झाली, १६ नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडली. चर्चही त्याच तारखांनी चाललं.

आता साथ नाही, कुंडांत पाणी आलं आहे, गाणी पूर्वीसारखी दणक्यात सुरू झाली आहेत आणि तशी व्हावीतच. रोज मास्क लावून मिस्सा करा असं कुणीच म्हणणार नाही. पण एक नियम साथीविनाही पाळण्याजोगा आहे आणि तो चर्चचाच आहे. रविवारी मिस्साला येणं कॅथलिकांवर बंधनकारक आहे, मात्र आजारी माणसाला आणि लहान बाळांची देखभाल करणाऱ्याला त्यातून सूट असल्याचं चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात सरळ लिहिलेलं आहे. हे ठाऊक नसल्यामुळे किंवा ठाऊक असूनही ‘रविवार चुकला’ हे मनाला लागतं म्हणून, अंगात ताप घेऊन येणारी आणि खोकणाऱ्या नातवाला घेऊन येणारी माणसं दर पावसाळ्यात दिसतात. त्यांच्या पुढच्या बाकावर केमोथेरपी घेणारी एखादी बाई असू शकते.

तेव्हा ताप, खोकला, जुलाब असतील तर त्या रविवारी घरीच राहा. त्यात पाप नाही. धर्मग्रामाच्या कार्यालयात फोन करा, फादर किंवा त्यांनी नेमलेले सेवक कम्युनियन घरी आणतील. सेवकांनो, दोन घरांच्या मध्ये साबणाने हात धुवा, आणि स्वतःला सर्दी असेल त्या दिवशी म्हाताऱ्यांच्या घरी दुसऱ्याला पाठवा. आणि दाराशी स्वागताला उभे असणाऱ्यांनो, पहिलं गाणं सुरू व्हायच्या आत बाजूचे दोन्ही दरवाजे उघडा.